आवाज येतोय

"येतोय," तुळजा म्हणाली. म्हणताना तिने मान हलवली आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसूही आणलं, म्हणजे समोरच्याला शंका राहायला नको. हेडफोनच्या काळ्या मऊ गाद्या कानांवर चेपून बसल्या होत्या. क्षितिजा तिच्या मागे उभी राहून वायर सारखी करत होती, काहीतरी बोलत होती, आणि अशा वेळी माणूस दुसरं काय विचारणार? आवाज येतोय का, हेच विचारणार. म्हणून तुळजाने उत्तर दिलं होतं. क्षितिजाचे हात थांबले. ती मागून पुढे आली. तेवीस वर्षांची पोर, शाळेत संगणक शिकवायला येऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. तिने तुळजाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मी अजून चालूच केलेलं नाही. घट्ट होत नाहीये ना, एवढंच विचारत होते." हे मात्र तुळजाला सगळं कळलं, कारण पोरीचे ओठ आता समोर होते. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं चालू झालं," ती म्हणाली. तळहाताला घाम आला होता, तो तिने पदराला पुसला. क्षितिजा तिच्या ओठांकडे बघत होती, आणि ती नजर सोबत घेऊनच तुळजा वर्गावर गेली.

जानेवारी २००९ चा तो दुसरा आठवडा होता. नारपोलीतल्या त्यांच्या शाळेत जुन्या चित्रकलेच्या खोलीला नवा रंग लागला होता, आठ नवे संगणक आले होते, भिंतीवर पांढरा पडदा आणि छतावर प्रोजेक्टर टांगला होता. संस्थेची दुसरी शाळा दिघाशीला. तिथे गणिताला शिक्षक टिकत नव्हता. तेव्हा संस्थेने ठरवलं की दर बुधवारी नारपोलीहून ऑनलाइन तास घ्यायचा. इथले शिक्षक इथे शिकवतील, दिघाशीची मुलं तिथे बसून पाहतील, प्रश्न विचारतील. पहिला तास कुणाचा, यावर मुख्याध्यापक रामनाथ तरे सरांनी क्षणभरही विचार केला नव्हता. "भोईर बाई. आठवीची भूमिती. बाईंच्या पद्धतीला तोड नाही," ते सभेत म्हणाले होते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुळजानेही वाजवल्या होत्या, कारण आपलं नाव घेतलं गेलंय हे तिला टाळ्यांनंतर कळलं. क्षितिजाने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की दिघाशीला लाइन कमजोर आहे, चित्र मधूनमधून अडकेल. "पण काळजी नको, मॅडम. चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो." सगळ्यांना त्याने धीर आला. तुळजाला मात्र एवढंच कळलं की चित्र अडकलं की ओठही अडकणार.

ओठ वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरच्या घराला लागून वडिलांनी शेड बांधली होती, चोवीस लूमचा, कापड विणायचा कारखाना भाड्याने दिला होता, आणि घराची मागची भिंत तीच कारखान्याची पुढची भिंत होती. सकाळ-संध्याकाळ भिंत थरथरायची. फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. पाटावर बसलं की जमीन मांड्यांतून बोलायची. धोटा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा, एकाच वेळी चोवीस धोटे, आणि त्यात शाळा सुटल्यावर ती तासन्तास धाग्याच्या कांड्या भरायला जायची, बारावी होईपर्यंत. तिथे कुणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. उत्तरेकडून आलेले कारागीर एकमेकांकडे तोंड करून नुसते ओठ हलवायचे, आणि पन्नास पावलांवरून समोरच्याला कळायचं की धागा तुटलाय, चहा आलाय, की मालक आलाय. लहान तुळजाला ती जादू वाटायची. आवाजाशिवाय बोलणारी माणसं. ती त्यांच्या ओठांकडे बघत बसायची, हिंदीतले आणि मराठीतले ओठ वेगळे कसे हलतात तेही तिला कळू लागलं होतं. हा खेळ आपल्याला पुढे किती लागणार आहे, आणि ज्या खोलीत आपण तो शिकतोय तीच खोली तो लागायची वेळ आणते आहे, हे त्या पोरीला कुठून समजणार?

आवाज एकदम गेले नाहीत. एकदम गेले असते तर ती ओरडली तरी असती. कुकरची शिट्टी गेली तेव्हा तिला वाटलं कुकर बिघडला. दोनदा डाळ करपली. मग दाराची बेल. मग स आणि श, फ आणि थ यांच्या कडा झिजल्या, शब्द पाण्यात भिजलेल्या वहीसारखे पसरू लागले. माणूस समोर असला की भागायचं. पण ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात; बाप आणि माप यांतला फरक तोंडावर कुठेच नसतो, तो बाकीच्या वाक्यातून खेचून काढावा लागतो. दिवसभर असं खेचून खेचून संध्याकाळी तिचं डोकं दुखायचं. वर्गात तिने हळूहळू एक रीत बसवली. उत्तर तोंडाने नको, फळ्यावर. प्रश्न पडला, फळ्यावर येऊन लिही. आकृती काढ, मग बोल. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी या रीतीचं कौतुक केलं, शेऱ्यात लिहिलं, इतर शिक्षकांना पाहायला बोलावलं. त्या दिवशी सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती घाबरून प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होती. तिचा सगळा नावलौकिक हा असा एका खड्ड्यावर अंथरलेल्या चटईसारखा होता. त्यावर लोक येऊन बसत होते, आणि ती एकटीच खाली काय आहे ते जाणून होती. तिला तरी तसंच वाटत होतं.

भीती नोकरीची होतीच. पण तिच्याही खाली दुसरी होती, आणि तिला चेहरा होता. आक्काचा. तुळजाच्या आईला सगळे आक्का म्हणत. शेवटची दहा वर्षं आक्काला ऐकू येत नव्हतं. घरातलं लग्न ठरायचं, जमिनीचं ठरायचं, कोण आजारी कोण मेलं याची बोलणी तिच्या डोक्यावरून व्हायची, आणि ती मध्ये बसून असायची. तिच्याशी लोक दोनच वाक्यं बोलत, तीही कानाशी ओरडून: जेवलीस का, आणि झोप आता. आक्का कशालाही मान हलवायची. कुणीही तिच्याकडे पाहिलं की हसायची. सगळ्याला कबूल असलेलं, काहीच माहीत नसलेलं ते हसू. तुळजा स्वतःही तिच्यावर खेकसलेली होती, "अगं नुसती हसतेस काय, काय विचारलं ते ऐक की!" आक्का त्यावरही हसली होती. परवा हेडफोन काढून ठेवताना संगणकाच्या बंद पडद्यात तुळजाला स्वतःचं तोंड दिसलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात ते हसू तसंच राहिलेलं होतं.

आठवडा तिने मोजून मोजून काढला. घरी नवरा अनंता गोडाऊनवरून आला की टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "एवढा आवाज कशाला गो लावतेस? म्हातारी हायेस का?" तो हे हसत म्हणायचा. तिने त्याला सांगायचं दोनदा मनात जुळवलं, पण पहिला शब्द कुठला घ्यायचा तेच सुचेना. मला कमी ऐकू येतं, असं म्हटलं तर तो कधीपासून असं विचारणार, आणि कधीपासून म्हटल्यावर नऊ वर्षांचं खोटं एकदम ताटात येऊन पडणार. आजारी पडावं का? पण पुढचा बुधवार होताच, आणि त्याच्या पुढचाही. शाळेत ती क्षितिजाला टाळू लागली. जिन्यात ती समोरून आली की तुळजा वह्यांत डोकं घालायची. क्षितिजा कुणाशी बोलताना दिसली की तिला लांबून तिचे ओठ वाचायचा मोह व्हायचा, आणि वाचायची भीती वाटायची. एकदा तिने वाचलेच. "भोईर मॅडमना..." एवढं दिसलं आणि पोरीने मान वळवली. पुढचं वाक्य भिंतीला गेलं. त्या अर्ध्या वाक्याने तुळजाला दोन दिवस जेवू दिलं नाही.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीनंतर रंगीत तालीम होती. सुट्टीत संगणकाच्या खोलीला कुलूप नव्हतं. तुळजा आत गेली. कशाला गेली ते तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात इंटरनेटच्या छोट्या डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते आणि त्यात एक निळी वायर खोचलेली होती. तिने वायरीला हात लावला. खटका दाबून बोटभर ओढली. हिरव्यातला एक दिवा विझला. एवढंच. बाहेर येऊन तिने जेवणाचा डबा उघडला आणि भाकरी खाल्ली, आणि घास घशाखाली जातोय याचं तिला आश्चर्य वाटत राहिलं. तालमीला दिघाशी लागेना. तरे सर घामाघूम झाले, संस्थेचे चिटणीस फोनवर होते. अर्धा तास क्षितिजा टेबलाखाली वाकून, संगणक बंद-चालू करून हैराण झाली. शेवटी सरांचा तोल गेला. सगळ्या शिक्षकांसमोर ते तिला बोलले, आणि ते तोंड मोठं करून बोलत होते म्हणून तुळजाला त्यातलं अक्षरन्अक्षर कळलं. "तुम्हाला यासाठीच ठेवलंय ना? एवढं एक काम जमत नसेल तर सांगा, दुसरं माणूस बघू." क्षितिजाचे कान लाल झाले. मग ती कोपऱ्यात गेली, डब्याशी बसली, आणि तिला ती वायर सापडली. वायर हातात धरून ती क्षणभर तशीच बसली. ती आपोआप निघणारी नव्हती; दाबून, खटका सोडून काढावी लागते, हे तिला माहीत असणार. पण तिने वळून कुणाकडेही पाहिलं नाही. वायर खोचली, उठली, "सॉरी सर," म्हणाली. तुळजा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तोंड उघडायला एक क्षण होता, मग दुसरा होता, मग सगळे चहाला गेले.

बुधवारी अकराला तास सुरू झाला. आठवीची मुलं जमिनीवर सतरंजीवर बसली होती, पडद्यावर दिघाशीचा वर्ग दिसत होता, तीस-पस्तीस डोकी आणि मागे निळी भिंत. दाराशी तरे सर, संगणकाशी क्षितिजा. तुळजाने पाठ फिरवून फळ्यावर त्रिकोण काढला आणि खडू हातात असेपर्यंत तिला बरं वाटलं. त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी अंश. तिने कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तीन कोपरे फाडले, शेजारी शेजारी लावले, सरळ रेघ झाली. पडद्यावरची डोकी पुढे झुकली. जमतंय, असं तिला वाटलं. मग पडद्यावर एक मुलगी उभी राहिली, तिने वेणी मागे टाकली, तोंड उघडलं, आणि चित्र तिथेच थांबलं. उघडं तोंड, त्यात थोडे दात, आणि हालचाल नाही. खोलीत काहीतरी गडगडल्यासारखं झालं, दूरवर पिंप ओढत न्यावं तसं. तो तिचा आवाज होता. प्रश्न येत होता, सगळ्यांना ऐकू जात होता, आणि तुळजा त्या थिजलेल्या तोंडाकडे बघत उभी होती. सव्वीस वर्षं शिकवताना इथे मुलं एकच प्रश्न विचारतात हे तिला ठाऊक होतं: बाई, आम्ही मोजलं तर एकशे अठ्ठ्याहत्तर का येतात? "छान प्रश्न," ती म्हणाली. "कोनमापक नीट न ठेवल्यामुळे तसं होतं. मापात थोडी चूक राहते. पुन्हा मोजून बघ." ती हसली.

तरे सरांच्या भुवया वर गेल्या. चित्र एकदम सुटलं, दिघाशीची मुलगी मान खाली घालून बसताना दिसली. आणि मग पुढच्या रांगेतली माधवी, शेलार गावाहून चालत येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर, गुडघ्यांवर उठली. तिने तुळजाकडे सरळ तोंड केलं आणि ओठ सावकाश, मोठे मोठे हलवले. शेताएवढा. त्रिकोण शेताएवढा काढला तर? तिच्या शेजारच्या मुलीनेही तेच केलं. मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी केलं. मग आणखी. बघता बघता अख्खा वर्ग तिच्याकडे तोंड करून एकच वाक्य ओठांवर घडवत होता, शेताएवढा, शेताएवढा, आणि त्यात आवाज होता की नव्हता हे कळायचा तिच्यापाशी काही मार्ग नव्हता. म्हणजे यांना माहीत आहे. सगळ्यांना. हे आज शिकलेले नाहीत. इतक्या सराईतपणे, इतक्या समजुतीने कुणी एका दिवसात ओठ हलवत नाही. तरे सर मुलांकडे पाहत होते, मग तिच्याकडे पाहू लागले, आणि तिला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जुळत चालली आहे.

पळून जायला दार एकच होतं आणि त्यात सर उभे होते. तुळजा पडद्याकडे वळली. आपला आवाज केवढा आहे हे तिला कळत नव्हतं, बहुधा फार मोठा होता, कारण क्षितिजा दचकली. "बाळा, मला तुझा प्रश्न ऐकू आला नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. मी भलतंच उत्तर दिलं. प्रश्न लिहून पाठवता येईल का?" क्षितिजाचे हात आधीच कीबोर्डवर गेले होते. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरी चौकट उघडली आणि तिकडच्या शिक्षकांनी टाइप केलेली मराठी इंग्रजी अक्षरांत एकेक करून उमटू लागली. शेताएवढा काढला तर? "तरी एकशे ऐंशीच." तालुक्याएवढा? "तरी तेवढेच." मग आलं: पृथ्वीएवढा? तुळजा त्या शब्दाकडे पाहत राहिली. "हे मला माहीत नाही," ती म्हणाली. "बघून सांगेन." पुढचा बुधवार तिचा असेल का, हे तिच्या हातात राहिलं नव्हतं.

तास संपल्यावर तरे सरांनी तिला कार्यालयात बोलावलं. टेबलाच्या पलीकडून ते आज मुद्दाम सावकाश बोलत होते, आणि तो सावकाशपणा तिला सुईसारखा टोचत होता. संस्थेला कळवावं लागेल. ठाण्याला तपासणी करून दाखला आणावा लागेल. तोवर वर्ग द्यायचा की नाही ते संस्था ठरवेल, त्यांच्याकडून काही वचन देता येत नाही. "बाई, एकदा सांगायचं होतं मला," ते म्हणाले. तुळजाने मान हलवली. मग म्हणाली, "सर, मंगळवारी ती वायर मी काढली होती. क्षितिजाचा काही दोष नव्हता." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाराशी हजेरीपुस्तक घेऊन क्षितिजा उभी होती. तिने ऐकलं होतं. तुळजा बाहेर आली तेव्हा ती बाजूला झाली, आणि तुळजाच्या नजरेत नजर घालून एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम." रागाने म्हणाली की कसं, ते ओठांवरून कळत नाही. तुळजा माफी मागू लागली तोवर ती वर्गाकडे निघून गेली होती.

आठवीचा वर्ग रिकामा होता. माधवी एकटी दप्तर भरत होती. तुळजा तिच्यासमोरच्या बाकावर बसली. "तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

माधवीने आधी तोंड समोर केलं, मग बोलली. "पाचवीत असतानाच, बाई. ताईनं सांगितलेलं. भोईर बाईंशी बोलताना समोर बघायचं, हात तोंडावर न्हाय आणायचा."

"आणि तुझ्या ताईला?"

"तिला तिच्या वर्गातल्यांनी. सगळ्यांना ठावं हाय. सरांना कोणी सांगितलं न्हाय."

गेल्या नऊ वर्षांतली मुलं तुळजाच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. प्रत्येक वर्गाने पुढच्या वर्गाला ही गोष्ट देऊन टाकली होती, आणि कुणी हसलं नव्हतं. याचं बरं वाटावं की काय, ते तिला समजेना. कारण त्याच्याच मागे दुसरं काहीतरी उभं राहत होतं, आणि ते आजवरच्या सगळ्या भीतीहून मोठं होतं. मागच्या बाकावरून विचारलेले, पाठ वळलेली असताना विचारलेले प्रश्न, फळ्यापर्यंत यायचा धीर न झालेल्या मुलांचे. एकशे अठ्ठ्याहत्तरचं उत्तर घेऊन मुकाट खाली बसलेल्यांचे. ती आपल्याला कोण पकडेल याचीच इतकी वर्षं काळजी करत आली होती.

"माधवी," ती म्हणाली, "तू कधी काही विचारलंस आणि मी भलतंच सांगितलं, असं झालं?"

माधवी खाली बघू लागली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मान पुन्हा वर केली. "हां."

"असे किती प्रश्न राहिलेत तुझे?"

"लय हायत, बाई."

तुळजाने बाकावर पडलेला खडू उचलून तिच्या हातात द्यायला पुढे केला. मग तिने तो परत ठेवला, बाक आणखी जवळ ओढला, आणि मुलीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तिथूनच सांग. पहिला कुठला?"